फ्रेडरिकची जागा

पाचूबंदरच्या बेटीला वसईतल्या सगळ्यांत उंच डोंगरावर जायचं होतं. कोळणीचं तुंगारावर काय काम, असं आळीतल्या बायांनी विचारून पाहिलं. तिने सांगितलं नाही.

तिचा मुलगा फ्रेडरिक बावन्न सालच्या वादळात होडीवरून पडला तो वर आलाच नाही. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सारं गाव कबरींवर फुलं वाहतं, मेणबत्त्या लावतं. बेटीला वाहायला कबरच नव्हती. म्हणून तिचा नवरा निकोलस, होडीचा तांडेल, दरवर्षी फुलं घेऊन त्या जागी जाई. जागेची खूण पाण्यातूनच घ्यायची: होडीतून किनाऱ्याकडे बघत तुंगाराचा माथा चर्चच्या मनोऱ्यावर, सरळ एका रेषेत आणायचा. उजवीकडे उत्तनची टेकडी उघडी पडली, की खाली फ्रेडरिक. बाईमाणसाने होडीत पाय ठेवायचा नाही, हा रिवाज देवाने घातला की पुरुषांनी, याची चौकशी कुणी केली नव्हती. बेटी किनाऱ्यावर फुलांची टोपली देई आणि रिकामी परत घेई.

यंदा तिने हट्ट धरला. "होडीत नको तर नको. डोंगरावरनं सगला समुद्र दिसतो म्हनतात. तितनं बोट करून दाव."

बैलगाडीने पायथा गाठला. पुढे गुडघ्यांना शिव्या देत चढण. जन्मभर ज्या डोंगराच्या भरवशावर होडी घरी आणली, त्यावर निकोलसही पहिल्यांदाच चढत होता.

माथ्यावरून मिठागरं दिसली, केळीच्या वाड्या दिसल्या, आणि पलीकडे पाणीच पाणी.

"कुटं?" बेटीने विचारलं.

निकोलसने हात उचलला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला, खाली घेतला.

"काय झालं, तांडेल? पानी ओलखीचं नाय?"

"डोंगर दिसत नाय."

"डोंगरावरच उबा हायस की!"

"म्हनून तर."

फ्रेडरिकची जागा तुंगाराकडे बघून ठरलेली. तुंगारावर उभं राहून बघायचं कशाकडे? बऱ्याच वेळाने त्याला काडीएवढा मनोरा सापडला.

"ह्यो मनोरा. ह्याच्या सरल रेषेत, फुडं. किती फुडं, ते पान्यात गेल्याबिगर नाय सांगता येनार."

बेटीने मनोऱ्यापासून नजर सरळ सोडली. पाणी आधी मातकट होतं, मग निळं, मग आभाळच.

"तितपर्यंत कुटंबी?"

"कुटंबी."

"मंग सगलं त्याचंच धरते. एवडी मोटी कबर पाद्रीला पन मिलनार नाय."

निकोलस हसला नाही. ऊन उतरलंय, निघू या, म्हणाला.

बेटीने डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि मनोऱ्यापासून पाण्यावरून नजर पुन्हा सावकाश पुढे नेऊ लागली.

"थांब जरा. अजून अर्ध्यावरच आले."