मुनाफचं नाव नको

चौक गावात जुन्या हायवेच्या कडेला गॅरेजांची रांग आहे. त्यात शहाजादी बुबेरेचं कुशनचं दुकान. ट्रकच्या सीटा, टेंपोच्या गाद्या, रिक्षाचे हूड, जे फाटेल ते तिच्याकडे येतं. पन्नाशी ओलांडलेली ही बाई रेक्झिन मांडीवर ओढून बसली की ड्रायव्हर लोक आपोआप हळू बोलायला लागतात. शेजारच्या गॅरेजात तिचा धाकटा भाऊ तालिब असतो.

लग्न होऊन ती कर्जतला दहिवलीत नांदायला गेली होती. नवरा मुनाफ दुबईला कामाला गेला. तुलाही नेतो, म्हणाला, म्हणून तिचा पासपोर्ट काढला. मग त्याचे फोन कमी झाले, आणि एक दिवस कळलं की त्यानं तिथं दुसरं लग्न केलंय. शहाजादी लहानग्या नाझियाला घेऊन चौकला भावाकडे आली, शिलाई शिकली, दुकान टाकलं. पुढं कोर्टात जाऊन रीतसर फारकत घेतली. पासपोर्ट मात्र कपाटात तसाच राहिला. त्यावर एकही शिक्का पडला नाही.

गेल्या वर्षी, लग्न होऊन मस्कतला राहणाऱ्या नाझियाचा फोन आला. दिवस गेले होते, डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं होतं.

"अम्मी, बाळंतपणाला तू पायजेस."

पासपोर्टची मुदत कधीच संपलेली. शहाजादी नाक्यावरच्या नीलेशकडे गेली. तो लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. नीलेशनं जुना पासपोर्ट पाहिला आणि म्हणाला, "काकी, काही बदल नको करू. नवऱ्याचं नाव आहे तसं ठेवू. लवकर येईल."

"नाय. ते काढ."

"त्याला कोर्टाचा कागद लागेल, चौकशी होईल. वेळ जाईल."

"जाऊ दे. बापाचं नाव टाक. पत्तापन चौकचा टाक."

नीलेशनं तसा अर्ज भरला.

पासपोर्ट कार्यालयात खिडकीपलीकडच्या मुलीनं फारकतीच्या कागदाची झेरॉक्स परत सरकवली. कोर्टाच्या शिक्क्याची प्रत हवी. शहाजादी कोर्टात गेली. जुन्या फायली दुसऱ्या इमारतीत हलवल्या होत्या, त्या कोणाला सापडेनात. सोमवारी या, मग पुढच्या सोमवारी या, मग साहेब रजेवर. ती दर वेळी दुकान बंद करून जायची आणि परत येऊन अंधार पडेपर्यंत मशिन चालवायची.

तालिबला हे बघवेना. एकदा तो हात पुसत दुकानात आला.

"आपा, एका नावासाठी काय चाललंय तुझं? राहू दे ना त्याचं नाव. कोन वाचतंय?"

"मी वाचते."

"पोरगी तिकडं एकली हाय."

"मला नाय ठावूक होय? त्यानं मला टाकली तवा मीपन एकलीच होते, तालिब. समिंदर मी पयल्यांदा वलांडनार, ते त्याची बायको म्हनून नाय."

तालिब गॅरेजात परत गेला. पुढच्या खेपेला मात्र त्यानं स्वतःच तिला मोटारसायकलवरून कोर्टात सोडलं.

प्रत मिळाली, अर्ज पुढं सरकला आणि पोलीस चौकशीत अडकला. चौकशीचा कागद चुकून गेला जुन्या पासपोर्टवरच्या पत्त्याच्या हद्दीत. दहिवलीच्या त्या घरात तिच्या जावेनं खरं तेच सांगितलं, की ती इथं राहत नाही. झालं, 'अर्जदार पत्त्यावर राहत नाही' असा शेरा पडला आणि फाईल बाजूला गेली.

त्याच सुमारास नाझियाला दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात न्यावं लागलं. आदल्या दिवशी ती फोनवर रडली होती. "अम्मी, ते नाव असलं तर काय बिघडलं असतं? माझा बाप हाय तो. तुला माझ्यापेक्षा तुझा हट्ट मोठा झाला."

शहाजादी एवढंच म्हणाली, "मी येते. पन उशीर होईल."

मुलगी झाल्याचं जावयानं कळवलं तेव्हा ती एका स्कूलबसची सीट शिवत होती. फोनमधून बाळाचं रडणं ऐकू आलं. तिनं मशिन थांबवलं, शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिली. तालिबची बायको चहा घेऊन गेली तर शहाजादीचे डोळे सुजलेले होते. "आता नीलेशला सांगू का, जुनं नाव ठेवून नवीन अर्ज भर म्हणून?" भावजयीनं विचारलं. शहाजादीनं मान हलवली. नाही.

दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा पासपोर्ट कार्यालयात गेली आणि फेरचौकशीचा अर्ज देऊन त्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.

या वेळी कागद बरोबर ठाण्यात आला. हवालदारांनी फोन केला, "घरातल्या कुणा पुरुषाला घेऊन ठाण्यात या."

"साहेब, पासपोर्ट माझा हाय. चौकशी माझ्या घराची हाय. तुमी इकडं या."

ते आले, थोडे घुश्शातच. दुकानातल्या स्टुलावर बसून कागद काढला. "नवरा काय करतो?"

"नवरा नाय."

"म्हणजे वारला?"

"जिता असंल. माझा कोन नाय तो. कोर्टाचा कागद हाय, बगा."

"मावशी, एकट्या बाईला परदेशात शंभर प्रश्न विचारतात. नवऱ्याचं नाव असलेलं बरं असतं."

"शंभर विचारू दे, साहेब. शंभर उत्तरं देईन. तुमी लिवा, हितं राहते आनि सोताचं कमावून खाते."

दुकानासमोर दोन ड्रायव्हर उभे होते. त्यातला एक पुढं येऊन म्हणाला, "साहेब, साक्षीदार म्हणून माझं नाव घाला. बारा गावचे लोक ओळखतात हिला." हवालदारांनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी लिहिलं, आणि जे लिहिलं ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

पासपोर्ट आला तेव्हा बाळ आवाजाकडे मान वळवायला लागलं होतं.

मस्कतच्या विमानतळावर नाझिया घ्यायला आली होती. तिनं आईला मिठी मारली नाही. बाळ तिच्या हातात दिलं आणि गाडीकडे चालू लागली. गाडी सुरू झाल्यावर नाझिया म्हणाली, "मी लय वाट बघितली, अम्मी."

"ठावूक हाय."

"परत असं झालं तर?"

शहाजादीनं बाळाचं टोपडं सारखं केलं. "परत असंच करीन, नाझू. तू रागाव माझ्यावर."

नाझिया रागावली, पुढचे काही दिवस रागावलेलीच राहिली. पण सकाळी बाळाला तेल लावायला ती आईलाच हाक मारायची. शहाजादी तिथं तीन महिने राहिली. चौकला तिच्या दुकानाबाहेर फाटक्या सीटांचा ढीग लागला होता, आणि तालिब प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता, "आपा परदेशात गेलीय. थांबायचं तर थांबा."