दिगूच्या सात बादल्या

टॉकीजमध्ये पिक्चर दर शुक्रवारी बदलायचा, किस्से मात्र मुक्कामालाच यायचे. लातूरच्या आमच्या टॉकीजमध्ये मी तिकीट खिडकीवर बसायचो. तिथले निम्मे किस्से एकट्या दिगूचे!

दिगू निलंग्याचा, आमचा डोअरकीपर. ताडमाड उंच, डोळे खोल, गालफडं बसलेली. पण माणूस भारी विनोदी, इंटरव्हलला नकला करून आम्हाला हसवायचा. अंधारात कुणी शिट्टी मारली की हा बॅटरी स्वतःच्याच तोंडावर मारायचा. शिट्टी बंद! शेठ म्हणायचे, "हा असताना पोलीस कशाला पाहिजे?"

*

नकलांच्या जोरावर दिगू मुंबईला गेला आणि पहिल्याच पिक्चरमध्ये कॉमेडी रोल मिळाला, वेंधळ्या नोकराचा. मालकीण चिडून त्याच्यावर एकामागून एक सात बादल्या पाणी ओतते, असा सीन. पिक्चर आमच्याकडे लागला तो ऐन दुष्काळात! दिगू आईला घेऊन पहिल्या शोला आला.

पहिली बादली पडली. हॉल चिडीचूप. दुसरीला मागून आवाज आला, "आरं सांडू नका रं! आमच्या गल्लीत चार दिसांनी टँकर यायलाय!" पाचवीला बायका हळहळायला लागल्या. सातवीला दिगूची आई, गयाबाई, म्हणाल्या, "पाणी सांडाया गेलास व्हय रं मुंबईला?"

दिगू पिक्चर अर्धा टाकून माझ्या खिडकीपाशी येऊन उभा राहिला. "माय सुदिक हसली न्हाई," एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

*

पुढे विनोदाचं त्याला कुणी विचारलंच नाही. त्या तोंडाला भुताचीच कामं आली, आणि काय चालली! एकदा गावी येताना निलंग्याच्या एस्टीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण ह्याच्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी! कंडक्टरनं तिकीटसुद्धा लांबूनच दिलं.

गयाबाईंना शेजारणी विचारायच्या, "भ्या वाटत न्हाई का वो लेकाचं?"

"कशाचं भ्या? त्योच मला कंदील विझवू देत न्हाई!"

*

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. शेठ खुशीत. "आपल्या माणसाचा पिक्चर लावू!" दिगूनं मुंबईहून कळवलं, "भुताचा नको. बादलीवाला लावा. एकदा तरी मायसमोर लोक हसू द्या." आता नळाला पाणी होतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त.

हाऊसफुल्ल! दिगू आईशेजारी बसला. पडद्यावर त्याचं तोंड दिसलं आणि पोरांनी किंकाळीच फोडली. बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले. बादल्या सुरू झाल्या तरी सगळे श्वास रोखून बसलेले, हा आता कुणाचा गळा धरतो म्हणून! चौथी बादली. पाचवी. सहावी. दिगूनं मान खाली घातली.

तेवढ्यात गयाबाई उठून उभ्या राहिल्या आणि पडद्याकडे पाठ करून सगळ्या हॉलवर ओरडल्या, "हसा की रं आता! दुष्काळापासनं माझं लेकरू भिजायलंय!"