दुसरा हात

निवृत्तीनंतर मालवणला स्थायिक झालेल्या नाईकबाई गेल्याचं मला मे महिन्याच्या सुट्टीत, त्यांच्या भाच्याच्या कार्डावरून कळलं. 'आत्या दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. त्रास काही झाला नाही.' ते वाचून मला आधी बरंच वाटलं, हे लिहायला संकोच वाटतो. पण सगळी नोकरी भांडुपचा डोंगर चढण्या-उतरण्यात घालवलेल्या बाईला असं सहज जाता आलं...

डोंगराखालच्या आमच्या मराठी शाळेत आम्ही बारा वर्षं बरोबर शिकवलं. शाळा उघडायच्या आधी शिक्षकांनी वस्तीत फिरून नवी मुलं गोळा करायची असत. आम्ही बाकीचे कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा पिऊन पाच-सहा नावं लिहून परतत असू. बाई मात्र शेवटच्या झोपडीपर्यंत जात. कुणी दार लोटलं, तर "नाव लिहून घ्यायला आलेय, वर्गणी मागायला नाही," म्हणत तिथंच ठाण मांडत.

जन्माचा दाखला फार थोड्यांकडे असे. मग मुलानं डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायचा. पोचला की सहा वर्षं पूर्ण, आणि जन्मतारीख एक जून. रजिस्टर माझ्याकडे असायचं. जालन्याकडून खडी फोडायला आलेल्या एका कुटुंबातली मंदा आईबरोबर आली, तेव्हा तिचा हात टाळूपर्यंतच गेला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी ती आली, पुन्हा तेच झालं. तोवर ती पहिलीच्या पोरींपेक्षा वीतभर उंच झाली होती आणि ते मला दिसलं होतं. पण शाळेत वर्ग आधीच भरून वाहत होते. एक पोर कमी झालं तर बरंच, असं माझ्या मनात आलं. हे मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवाळीनंतर बाईंना मंदा नळावर दिसली, कडेवर तान्हा भाऊ. शाळेत का येत नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणाली की हात पोचला की ये असं गुरुजींनी सांगितलंय, मी रोज ओढून बघते. बाईंनी तिला दुसरा हात न्यायला सांगितला. तो कान ओलांडून मानेपर्यंत गेला. उजवा लहानपणी मोडून वाकडा बसला होता.

शाळेत बाई अगदी पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी माझ्या टेबलापुढे येऊन हळूच म्हणाल्या, "परबा, तुका दुसरो हात बघूक सुचला नाय?"

मी नियम, रजिस्टर, आईबापांची जबाबदारी असं काहीबाही बोललो.

"शिक्षण सक्तीचं आहे ना? मग ती सक्ती त्या पोरीवर नाही रे, आपल्यावर आहे. ती दोनदा आपल्या दारात आली होती."

आम्ही दोघं तिच्या घरी गेलो, तर आता आई तयार होईना. "तव्हा पोरगी रिकामी होती, बाई. आता ह्या लेकराला कोन सांभाळील?"

बाई म्हणाल्या, "परब गुरुजी सांभाळतील."

पुढचं वर्षभर माझ्या तिसरीच्या वर्गात खिडकीच्या गजापासून कपाटापर्यंत लुगड्याची झोळी बांधलेली होती. एका हातात खडू, एका हातात झोळीची दोरी. तपासणीला आलेल्या साहेबांनी हे काय म्हणून विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "पाच वर्षांनंतरचा पट आहे, साहेब." साहेब हसले. हसलेला माणूस वाईट शेरा लिहीत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. मंदानं पहिली-दुसरी एका वर्षात उरकली. आणि माझ्या वर्गाचे पाढे त्या वर्षी झोळीच्या झोक्यावर जेवढे पक्के झाले, तेवढे पुन्हा कधी झाले नाहीत.

कार्ड आलं त्याच संध्याकाळी मी मंदाकडे गेलो. ती आता आठवीत. बातमी ऐकून ती रडली, मग तिनं चहा टाकला. तो पिता पिता मी तिला त्या दुसऱ्या वर्षीच्या जूनचं सांगून टाकलं. उंची दिसली होती, तरी मी मान खाली घातली होती, हेही.

"गुरुजी, मला वाटायचं माझाच हात लबाड आहे." मग कप उचलता उचलता, "बरं झालं सांगितलंत."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

या जूनमध्ये वस्तीत फिरताना ती आपणहून माझ्याबरोबर आली. वरच्या अंगाला एका घरात सात-आठ वर्षांची मुलगी भांडी घासत होती. तिला शाळेत पाठवायला तिची आई नाही म्हणाली. मी वयाचं विचारणार, तोच मंदानं मला थांबवलं. "ताई, घरात तान्हं आहे का? त्यालाही पाठवा. गुरुजींना सवय आहे."

त्या आईनं माझ्याकडे एकदा निरखून पाहिलं, आत गेली आणि पोर आणून माझ्या हातात दिलं. ते ओलं होतं. मंदानं माझ्या काखेतलं रजिस्टर ओढून घेतलं आणि त्या मुलीला तिचं नाव विचारलं.