तीन कागदांचं ताट

"सर्व कामगार बंधू-भगिनींना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, क्वालिटी विभागाचे श्री. गांगुर्डे यांच्या ताटातून वांग्याच्या भरताने काल सायंकाळी अखेरचा निरोप घेतला. भरताच्या पश्चात दोन भाकरी, एक कांदा आणि शेंगदाण्याची चटणी असा परिवार आहे."

हे गंभीर निवेदन अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याच्या कँटीनच्या फळ्यावर मी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. लोक पोट धरून हसले. गांगुर्डेभाऊ डबा घेऊन आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि खडू मागितला. 'दोन भाकरी' खोडून 'अडीच' केलं. "जाधव, थट्टा कर. पण मोजमाप चुकवू नको," म्हणाले आणि दुधीची भाजी खायला बसले.

भाऊ तीस वर्षं मशीनवरून उतरलेले सुटे भाग तपासत होते. भाग ड्रॉइंगमधल्या मापाप्रमाणे असेल तर पास, नाहीतर लाल रंग लावून बाजूला. कुणी गयावया केली, की एकच उत्तर, "बोलू नको. ड्रॉइंग दाखव." सुपरवायझर म्हणायचा, "भाऊ, एवढं चालून जाईल." भाऊ म्हणायचे, "चालून जायला ते काय जनावर हाय?" खिशात जाडी मोजायचं व्हर्निअर कायम. एकदा त्यांनी भर कँटीनमध्ये पोळीची जाडी मोजली. "एका कडेला दीड मिलिमीटर, दुसऱ्या कडेला तीन. रिजेक्ट," असं जाहीर केलं आणि त्या रिजेक्ट मालातल्या सहा पोळ्या खाल्ल्या. खाणं म्हणजे काय, ते मी या माणसाकडे बघून शिकलो. भाकरी मोडताना ते बोलायचे नाहीत.

भाऊंना शुगर होतीच. मग हृदयात स्टेंट बसला आणि त्याच रिपोर्टात मूत्रपिंडंही थकल्याचं निघालं. म्हणजे डॉक्टर तीन आणि आहाराचे कागदही तीन.

शुगरच्या डॉक्टरांनी भात आणि बटाटा बंद केला. भाकरी खा, डाळी खा, मोड आलेली कडधान्यं खा, पालक-टोमॅटो भरपूर. किडनीच्या डॉक्टरांनी डाळी, कडधान्यं, पालक आणि टोमॅटो खोडले. बाजरी-ज्वारी नको, त्यापेक्षा पांढरा भात बरा. हृदयाच्या डॉक्टरांनी तेल-तूप काढलं आणि साध्या मिठाऐवजी कमी सोडियमवालं मीठ लिहून दिलं. ती पुडी बघून किडनीचे डॉक्टर खुर्चीतून उठलेच, "हे तर अजिबात नको! यात पोटॅशियम असतं!"

भाऊ एकाचा कागद घेऊन दुसऱ्याकडे जात. तो म्हणे, "ते त्यांना विचारा." पहिला म्हणे, "त्यांनी सांगितलंय ना, मग त्यांनाच विचारा."

"जाधव, आपल्याकडं दोन ड्रॉइंगं भांडली तर आपण डिझाइन खात्याला फोन लावतो," भाऊ मला म्हणाले. "इथं डिझाइनचा नंबर कुणाकडं हाय रे?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांचा थोरला भाऊ दोन वर्षं डायलिसिसवर होता. आठवड्यातून तीनदा त्याला स्कूटरवर मागे बसवून हेच न्यायचे, आणि येताना तो पडू नये म्हणून स्वतःच्या पोटाशी गमछाने बांधून आणायचे. "सुया टोचून टोचून त्याच्या हाताची चाळण झाली होती. मला ते नको. काय सांगतील ते करतो, पण ते नको."

मग त्यांनी तपासनीस करतो तेच केलं. तिन्ही कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले आणि जे तिन्हींत पास, तेवढंच खायचं ठरवलं. भाकरी एकाने कापली होती, भात दुसऱ्याने. तिन्ही चाळण्यांतून खाली पडले ते दुधी, दोडका, कोबी आणि अंड्याचा पांढरा भाग. मीठ नाही. शुगरची गोळी मात्र पूर्ण.

आठ महिन्यांत माणूस अर्धा झाला. पट्ट्याला नवी भोकं पाडून झाली, मग पट्टाच गुंडाळून ठेवला. भाऊंची बायको, सुमनवहिनी, त्यांच्यासमोर दुधी खायच्या आणि नंतर शेजारच्या घरी जाऊन भाकरी-ठेचा. एका दुपारी भाऊ पडल्या पडल्या म्हणाले, "सुमन, तुझ्या हाताला ठेच्याचा वास येतोय." वहिनी घाबरल्या. "रागावलो नाय गं. हात जरा इथं ठेव." तो हात नाकाशी धरून ते तासभर झोपले. हे मला वहिनींनी सांगितलं.

नंतरच्याच आठवड्यात भाऊंनी चांगल्या मालाला लाल रंग लावायला सुरुवात केली. ओळीने अकरा भाग. मी जवळ गेलो तर घामाने निथळत होते, हात लटलटत होते. साखर उतरली होती. मी कँटीनमधून साखर आणली, तर त्यांनी दात आवळले. "ड्रॉइंगमध्ये नाय. रिजेक्ट." मी त्यांचं डोकं काखेत धरून हिरड्यांना साखर चोळली. ते मला शिव्या देत होते आणि मी रडत होतो.

दवाखान्यात ग्लुकोज लागलं. तिथला तरुण डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, थोडा भात, एखादी भाकरी, दोन्ही चालेल! सगळंच कुणी सोडतं का?" गोळी निम्मी केली. तिघांशी बोलून आहारतज्ज्ञ बाई एकच कागद बनवतील, असं ठरलं. बाईंची वेळ आठ दिवसांनी मिळाली. घरी जाताना जे कार्ड दिलं, त्यावर आहाराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार'.

भाऊंनी ते तीनदा वाचलं. "कुठल्या?"

घरी वहिनींनी वाटीभर मऊ भात समोर ठेवला. मी हात जोडले, "भाऊ, डॉक्टर स्वतः बोललाय. खा."

"तोंडी नाय चालत, जाधव. नवीन ड्रॉइंग हातात येईपर्यंत जुनंच चालू. तीस वर्षं लोकांना हेच सांगितलं ना?" वाटी त्यांनी सरकवली. पण सरकवताना एकदा तिच्याकडे बघितलं. मी ते बघितलं, आणि तरी त्यांच्या तोंडात घास कोंबला नाही. साखर कोंबली होती, घास नाही.

सहाव्या दिवशी सकाळी दाढी करता करता भाऊंचं हृदय बंद पडलं.

भाऊंच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मंडप घातला होता. बुद्धवंदना झाली, पंगत बसली. वरण, भात, वांगं-बटाटा. वहिनी कुणाचंही न ऐकता स्वतः वाढत होत्या. नांदगावहून आलेला एक पाहुणा भातात खळगा करत शेजाऱ्याला म्हणाला, "शुगरवाल्याचं काय सांगावं. काहीतरी खाण्यात आलं असणार."

वहिनींच्या हातातली वरणाची पळी वरच्या वर थांबली. साऱ्या मंडपाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्या ओरडल्या, "आलं असतं तर बरं झालं असतं की हो!"