चाचीचा एकच प्रश्न

नंदुरबारातल्या बायकांची लाज घालवण्याचं पुण्य एकट्या आमच्या चुडीवाल्या चाचीच्या पदरी आहे. डोक्यावर बांगड्यांची पाटी, तोंडात पान आणि आवाज असा, की ती आमच्या ओसरीवर बोलली तर स्टेशनावरची माणसं वळून बघावीत. बांगड्या भरायला धरलेला हात ती सोडत नसे. बाई चाळिशीपुढची दिसली की हात आवळून विचारायची, "माय, तुन्हं बंद व्हयेल शे ना? परत तं नही चालू व्हयनं?" तेही मामंजी शेजारी वर्तमानपत्र वाचत असताना! ते बिचारे उलटं वर्तमानपत्र वाचू लागत. मी नवी सून, हसू लपवायला पाणी आणायला पळे आणि रिकामा तांब्या घेऊन परत येई. एक मामलेदारीणबाई तर तिला चुकवायला कणगीमागे लपल्या. चाचीनं पाटी उतरवली आणि कणगीलाच प्रश्न विचारला.

तिची बहीण पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाऊ लागण्याच्या दुखण्यानं गेली होती. "वरीसभर अंगवर जाई ऱ्हायनं, कोनले बोलनी नही. लाजमा मरी गई," एवढं सांगून ती पुढचा हात धरी.

सासूबाईंना ती मुळीच आवडत नसे. "मेली हातापेक्षा तोंड जास्त चालवते!" अशा या कडक सोवळ्याच्या सासूबाईंनी, दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या श्रावणात, अचानक व्रत धरलं. स्वयंपाकघरात यायचं नाही, देवाला शिवायचं नाही. ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीवर माळ घेऊन बसायचं. आळीत बातमी पसरली, की यांना वैराग्य आलं. बायका लांबून नमस्कार करू लागल्या, नारळ ठेवू लागल्या. मी मूर्ख अभिमानानं फुगले. "आमच्या सासूबाईंना आता अन्नसुद्धा नको असतं हो!" असं सगळ्यांना सांगत मी त्या नारळांची चटणी आठ दिवस वाटली.

सोमवारी चाची आली.

"शिवू नकोस मला! व्रत आहे माझं!"

तोवर चाचीनं हात धरला होता. तिनं नखं दाबून पाहिली. "हाई कसानं व्रत, माय? नखं चुनागत पांढरा व्हई गयात!" मग ती वाकली आणि सासूबाईंच्या कानात काहीतरी बोलली. चाचीला हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सासूबाईंनी आधी मान हलवली. मग त्यांचे डोळे भरले. "दहा वर्षांनी, गं. दोन महिने झाले. या वयात बाजूला बसले तर लोक हसतील. न बसावं तर देवाला विटाळ. म्हणून हे व्रत."

मामंजी म्हणाले, "वैद्यांचा काढा घेऊन बघू."

"काढा तू पी, मालक. हिले मी लई जास."

पाटी आमच्या देवघराच्या उंबऱ्याशी ठेवून चाची खरंच आमच्याबरोबर गाडीत बसली. नवापूरकडच्या मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती. "कॅन्सर आहे, पण पसरलेला दिसत नाही. आज आणलंत ते बरं केलंत," असं म्हणून त्यांनी मुंबईला धाडलं. तिथं रेडियम आत ठेवून उपचार करतात म्हणे. सासूबाईंना मरणाची धास्ती होतीच, पण डॉक्टरांना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे रेडियम आधी कुणाकुणाला शिवलंय?"

त्या वाचल्या. पुढं चाची दारात दिसली, की मामंजी समोर असोत नाहीतर व्याही, सासूबाई झोपाळ्यावरून आधीच ओरडत, "नाही गं बाई, नाही चालू झालं!" मामंजी वर्तमानपत्र उलटं करत.

अकरा वर्षं हे चाललं. मग चाची तापानं गेली, आणि एका सोमवारी तिची सून पाटी घेऊन आली. गरीब पोर, खाली मान घालून तिनं सासूबाईंच्या बांगड्या भरल्या आणि "येते" म्हणून उठली.

सासूबाईंनी हात मागे घेतला नव्हता.

"अगं," त्या म्हणाल्या, "काही विचारायचं राहिलं का तुझं?"