टँकरवरचा पालक

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी बदली तिथल्या कचेरीत झाली. मुलाला मी एका छोट्या शाळेत घातलं. तिथे परीक्षा नव्हती, नंबर नव्हते. मुलं काठ्या घेऊन विहिरीचं पाणी मोजत हिंडायची. फाटकाशी आमच्याच गल्लीतले एक डाळीचे व्यापारी भेटायचे. कपाळावर विभूती, खिशात तुरीचे दाणे. एक दाणा दाताखाली फोडल्याशिवाय ते मत देत नसत.

"साहेब, पोरीला पाढे येईनात अन् हे पाणी मोजायलेत!" दाखला काढण्याचा अर्ज त्यांच्या टोपीत घडी घालून तयार असायचा. मी हिरिरीनं शाळेची बाजू घ्यायचो.

पुढे दुष्काळ पडला आणि गल्लीत पाण्याचा टँकर आला. "फुल भरलाय," ड्रायव्हर म्हणाला. व्यापाऱ्यांच्या पोरीनं वर चढून काठी पार तळापर्यंत सोडली, ओला भाग वितीनं मोजला आणि म्हणाली, "काका, अर्धाच हाय."

व्यापाऱ्यांनी सावकाश एक दाणा फोडला.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच धोतर खोचून टँकरवर चढू लागले. पोर सांगेल तसं माप त्या अर्जाच्याच पाठीवर टिपायचे. अर्धा टँकर पुन्हा कधी आला नाही.

मी मात्र तोवर त्यांच्याच बोलण्यानं धास्तावून मुलाला नंबर देणाऱ्या शाळेत हलवलं होतं. त्याचे तीसपर्यंत पाढे पाठ झाले होते. हंडा घेऊन मी मान खाली घालून रांगेत उभा होतो.

"घ्या साहेब, काठोकाठ भरून घ्या," ते वरून गरजले, "शाळेचं पाणी हाय!"