फक्त बघायचं

आमच्या शाळेचे संगणक दुरुस्त करायला कापडे गावाहून येणारा हा माणूस डिस्क जोडण्याआधी चपला काढतो. महाडच्या पुरात भिजलेल्या कित्येक डिस्क त्याने उघडल्या, तेव्हापासूनची सवय म्हणतात. बोलतो थोडं, तेही समोरच्याकडे न बघता, पडद्याकडे बघत.

माझे यजमान गेल्यावर त्यांची जुनी डिस्क नव्या लॅपटॉपला जोडायला मी त्याला घरी बोलावलं. त्याने विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी संगणकप्रणाली बसवली आणि डिस्क फक्त तिकडून उघडली.

"दोन्हीकडून दिसू दे की," मी म्हटलं.

"नको, बाई. विंडोजला डिस्क दिसली रे दिसली की ते तिच्यावर आपलं कायतरी लिवून ठेवतं. लिनक्सला सांगता येतं, नुसतं बघायचं, लिवायचं नाय." मग आवाज उतरवून म्हणाला, "गेलेल्या माणसाच्या घरातलं सामान हलवू नये."

यजमानांचे फोटो उघडले. त्याने एकही निरखला नाही. डिस्क काढताना मात्र पडद्याकडे वाकून "येतो हां, सर" म्हणाला, आणि मान तिरकी करून थांबला.

उंबऱ्याबाहेर चपला घालता घालता त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "सर चहाचं विचारत होते, बाई."

हे कुणालाच चहाशिवाय जाऊ देत नसत. पण हा माणूस त्यांना कधी भेटलाच नव्हता.

मी त्याला परत बसायला सांगितलं आणि आत जाऊन आधण ठेवलं. तीन कपांचं.